‘तंबाखू कुठे, ही तर मशेरी!’

घरात कुणी सिगारेट ओढू लागलं तर आपण केवढा गहजब करतो! पण मोरीवरच्या कोनाड्यातली मशेरीची डबी कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. सासूबाई लावतात, कामाच्या बाई लावतात, आपल्या वयाच्या कितीतरी जणीही लावतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं : “अगं, ती काय तंबाखू आहे? दात घट्ट राहतात त्यानं.”

बायकांची तंबाखू ही अशी, धुराविना असते. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत शंभरांतल्या जेमतेम दोन स्त्रिया विडी-सिगारेट ओढणाऱ्या निघाल्या. पण मशेरी, तपकीर, पानातली तंबाखू यांपैकी काहीतरी घेणाऱ्या जवळजवळ तेरा!

भाजली म्हणून काय झालं?

मशेरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली. भाजल्यानं तिचा जोर जातो, हा गोड गैरसमज आहे. निकोटीन राहतंच, शिवाय जळताना तयार होणारी घातक द्रव्यं त्यात भर घालतात. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं दुखतं,’ असं बायका सांगतात. तो औषधाचा गुण नव्हे, लागलेल्या सवयीची ती खूण आहे. दातांचं म्हणाल तर तंबाखूनं हिरड्या उलट दातांपासून सुटत जातात. म्हणूनच १९९२ साली सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजन यांत तंबाखू घालायला बंदी केली.

आणि ही गोष्ट फक्त तोंडापुरती नाही, बरं का! मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांत तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि दिवस पुरे होण्याआधीच जन्मण्याचं प्रमाणही जास्त होतं. त्या तंबाखूत मशेरीचाच वाटा मोठा होता.

‘कमी’ म्हणजे कशापेक्षा?

‘सिगारेटपेक्षा बरी’ असं कुणी म्हणालं की एवढंच विचारा : पण तुम्ही सिगारेट कधी ओढत होतात? जिनं आयुष्यात विडी हातात धरली नाही, तिनं मशेरीची तुलना सिगारेटशी का करावी? तिनं ती करावी काहीच न घेण्याशी!

हाच प्रश्न मुलांच्या बाबतीतही विचारायला हवा. ‘यात तंबाखू नाही’ असं सांगून सुगंधी सुपारी त्यांच्या हातात पडते. पण नुसत्या सुपारीनंही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलं आहे. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होऊन तोंड उघडेनासं होतं, ते वेगळंच. कॉलेजातला मुलगा म्हणतो, “आई, ही ई-सिगारेट आहे, नुसती वाफ!” पण बहुतेक वेळा त्या वाफेतही निकोटीन असतं. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्याला ती सोडताना अशा वाफेचा उपयोग होईल, असं इंग्लंडमधले डॉक्टर मानतात. पण ज्यानं सिगारेट ओढलीच नाही, त्याचा धोका यानं वाढणारच! आपल्याकडे २०१९ पासून तिच्या विक्रीवर बंदी आहे.

‘लाइट’, ‘माइल्ड’ सिगारेटींनीही लोकांना असंच फसवलं. ओढणारे खोल झुरके घेऊन हवं तेवढं निकोटीन मिळवत राहिले. २००६ साली अमेरिकेतल्या न्यायालयानं हे शब्द दिशाभूल करणारे ठरवले.

घरात काय करता येईल?

सासूबाईंची डबी फेकून देऊ नका. भांडण होईल आणि दुसरी डबी येईल. त्यापेक्षा दिवसातून चारदा लावत असतील तर आधी तीनदा, मग दोनदा, असं कमी करत नेऊन एक दिवस ठरवून बंद करायला सुचवा. दातांना साधं मंजन द्या. पोटासाठी सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि फळं ठेवा. सुरुवातीला चिडचिड होईल, डोकं दुखेल. काही आठवड्यांत ते ओसरतं. घरात कुणी गरोदर असेल आणि मशेरी लावत असेल, तर मात्र तिला डॉक्टरांच्या सल्ल्यानं लगेच थांबवायला सांगा. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर ती मोफत मिळते.

महिन्यातून एकदा उजेडात, आरशासमोर तोंड तपासा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण आढळला, किंवा तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तर दंतवैद्यांकडे जायला उशीर करू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला हे दुखणं बहुधा दुखतच नाही.