टोपीत शिवलेले पन्नास हजार डॉलर

फॅसिझमविरोधी चित्रपट म्हटला की बंदुका, स्फोट आणि अखेरीस एखादे धीरगंभीर भाषण, अशी प्रेक्षकाची अपेक्षा असते. फ्रेड झिनेमन यांचा ‘ज्युलिया’ (१९७७) ती पुरी करीत नाही. त्याचा गाभा म्हणजे बर्लिनच्या स्थानकाजवळील उपाहारगृहात दोन बालमैत्रिणींची काही मिनिटांची भेट. अमेरिकन लेखिका लिलियन (जेन फोंडा) हिने मॉस्कोला जाता जाता ५० हजार डॉलर आणले आहेत; ते तिच्या केसाळ टोपीत शिवलेले आहेत. लिलियन ज्यू आहे, आणि काळ हिटलरचा. व्हिएन्नातील हिंसाचारात जायबंदी झालेली, एक पाय गमावलेली ज्युलिया (व्हेनेसा रेडग्रेव्ह) तिला सांगते की, या रकमेत पाचशे माणसे सोडविता येतील. घासाघीस नीट जमली तर हजार.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने येथे हिशेब न मांडला तरच नवल! माणशी शंभर डॉलर. भाव पाडता आला तर पन्नास. हुकूमशाही शिस्तप्रिय असते असे मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. तिचे रखवालदार विकत घेता येतात, मात्र परकीय चलनात. जर्मनीत चलननियंत्रण १९३१ पासूनच होते. देश सोडून जाणाऱ्यांवरील करही हिटलरपूर्व सरकारने त्याच वर्षी बसविला होता. नाझींनी पुढे तो ज्यूंना लुबाडण्यासाठी वापरला.

मैत्रीच्या आणाभाका येथे कोणीच घेत नाही. मैत्रीण भित्री आहे हे ज्युलिया जाणते, म्हणूनच जमणार नसेल तर खुशाल नकार दे, असा निरोप ती आधी धाडते. हा निरोप मला साऱ्या चित्रपटाहून मोठा वाटतो.

ही कथा लिलियन हेलमन यांच्या ‘पेन्टिमेन्टो’ (१९७३) या आठवणींवर आधारलेली आहे. ती खरोखर घडली काय? १९८३ मध्ये म्युरिएल गार्डिनर या अमेरिकन मनोविश्लेषक बाईंच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. शिकागोच्या धनाढ्य घराण्यातील या बाईंनी व्हिएन्नात वैद्यकीचे शिक्षण घेता घेता पैसा व खोटी पारपत्रे पुरवून अनेकांना वाचविले होते. हेलमन यांची व त्यांची कधी भेटही झाली नव्हती. ज्युलिया म्हणजे गार्डिनर नव्हेत, असेच हेलमन सांगत राहिल्या. १९८४ मध्ये त्या वारल्या. मैत्री कल्पित असावी, धैर्य मात्र खरे होते, आणि ते दुसऱ्याच कोणाचे होते, असे माझे मत आहे.

पडद्यावरील ज्युलिया नाझींच्या हातून मरते. गार्डिनर १९३८ मध्ये पदवी घेऊन व्हिएन्नातून सुखरूप बाहेर पडल्या आणि १९८५ पर्यंत जगल्या.