घरात ‘लो सोडियम’ मीठ आणताय? आधी हे ऐका

पोटॅशियम म्हटलं की आपल्याला आठवतं केळं. पण एका केळ्यात ते साधारण 400 मिलिग्रॅमच असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला निदान 3510 मिलिग्रॅम घ्यायला सांगते. बाकीचं डाळी, बटाटा, पालक, शहाळं यांतून येतं.

रक्तात मात्र ते अगदी थोडं लागतं, लिटरमागे 3.5 ते 5 मिलिमोल. हृदयाचे ठोके नीट पडायला हे प्रमाण सांभाळावं लागतं. जास्तीचं पोटॅशियम किडनी लघवीवाटे बाहेर टाकते.

आता खरा मुद्दा. ‘लो सोडियम’ मिठात थोडं सोडियम काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपीसाठी अनेकांना त्याचा फायदाच होतो, उगाच घाबरू नका. पण आजोबांची किडनी कमजोर असेल, किंवा ते टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही घेत असतील, तर पोटॅशियम रक्तात साचू शकतं. गंमत म्हणजे (गंमत कसली!) बरेचदा काही जाणवतच नाही, आणि ठोके बिघडतात. घरात मिठाचा डबा तर सगळ्यांचा एकच! म्हणून पाकीट फोडायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. सीरम पोटॅशियम ही साधी रक्ततपासणी आहे, कुठल्याही लॅबमध्ये होते.