मंगळवेढे : ज्वारीचे कोठार

सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरजवळ मंगळवेढे आहे. शहर म्हणावे तर लहान, खेडे म्हणावे तर मोठे. लोक त्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. का बरे? आपण पाहू.

इथे पाऊस थोडा. पण जमीन काळी आणि खोल आहे. ती पाणी पोटात धरून ठेवते. शेतकरी पावसाळ्यात रान कुळवून मोकळे ठेवतो. भादवा-आश्विनात वापसा आला, की तिफण धरतो. पुढे पाऊस नसला तरी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर वाढते. जमीन वाळली, की भेगा पडतात. भेगांतून ओल उडून जाते. म्हणून कोळपे घालायचे. भेगा बुजतात, ओल टिकते. दाणा माणसाला होतो, कडबा गुरांना.

इथली मालदांडी ज्वारी नावाजलेली आहे. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरीकडची ज्वारी या नावाने विकता येत नाही.

याच गावात दामाजीपंत होऊन गेले. ते बिदरच्या बादशहाचे कारभारी होते. मोठा दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून मरू लागली. कोठारात सरकारी धान्य होते, पण हुकूम नव्हता. दामाजीपंतांनी कोठारे उघडली. जिवावर बेतेल हे त्यांना ठाऊक होते. पुढे विठोबाने गरिबाच्या वेशात जाऊन धान्याचे पैसे भरले, अशी कथा सांगतात.

चोखोबाही याच गावचे. त्यांना मात्र अस्पृश्य म्हणून दूर ठेवले गेले. गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली. १३३८ साली तिच्याखाली चोखोबा गेले. ज्या गावाने त्यांना बाहेर ठेवले, त्याच गावाची भिंत ते बांधत होते. हेही आपण विसरू नये.

मंगळवेढ्याकडून आपण काय घ्यावे? बांध नीट ठेवावा, म्हणजे पाणी रानातच मुरेल. वेळेवर कोळपावे. चार पायल्या धान्य अडीनडीला राखावे. आणि शेजारी उपाशी असेल, तर त्याची जात न विचारता कणगी उघडावी. राखलेले धान्य वेळेला उपयोगी पडले, तरच ते कोठार. नाहीतर ती नुसती भिंत.