गाडी सगळ्यांना सारखीच, मग जिंकतं कोण?

आजचा विषय आहे आपल्या चाकणची रेसिंग कार.

आधी जीटी रेसिंग बघू. तिथे पोर्शे, फेरारी, ऑडी एकत्र पळतात. कुणी फार पुढे जाऊ नये म्हणून वेगवान गाडीचं वजन वाढवतात, नाहीतर इंजिनाची ताकद कमी करतात. याला म्हणतात बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स.

फोक्सवॅगनने भारतात वेगळा मार्ग धरला: सगळ्यांना एकच गाडी. 2010 पासून पोलो, 2015 ला व्हेंटो आणि 2017 च्या सीझनला अमियो. रस्त्यावरची अमियो चाकणलाच बनायची. रेसच्या अमियोत 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद साधारण 205 पीएस.

इंजिन तेच, टायर तेच. मग फरक कुठे पडतो? ब्रेक कधी मारला आणि वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर कधी दाबला, इथे! समजा लॅपला 0.2 सेकंद वाचले. 10 लॅपमध्ये झाले 2 सेकंद. ताशी 100 किलोमीटरला ते होतात जवळपास 55 मीटर.

पण गाडी चाकणची असली, तरी तिची रेस बघायला चेन्नई, कोइम्बतूरसारखं लांब जावं लागायचं! काही पोरं रात्री बायपासवर शर्यत लावतात. भावांनो, तिथे ना मार्शल, ना रनऑफ. नवले पुलाच्या उतारावर ट्रकचेही ब्रेक फेल होतात. हौस असेल तर कार्टिंगपासून सुरू करा. बहुतेक रेसर तिथूनच आलेत.

भेटू पुढच्या एपिसोडला!