गोळीतले लोह जाते कुठे?

दवाखान्यात आयाबहिणींना लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या लोहाचे पुढे काय होते, हे मात्र कोणी सांगत नाही. आम्ही पडलो हिशेबाची माणसे. तरी वाचून जे उमगले ते वाचक भगिनींपुढे ठेवतो.

रक्ताचा लाल रंग हीम या द्रव्याचा. हाडांच्या मगजातील कोवळ्या पेशी ते घडवतात. त्याची सुरुवात ग्लायसिन या साध्या अमिनो आम्लापासून होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डेव्हिड शेमिन यांनी १९४५ साली खुणेचा नायट्रोजन घातलेले ६६ ग्रॅम ग्लायसिन स्वतः खाऊन हा माग काढला. (प्रयोगासाठी दुसऱ्याचा देह शोधला नाही, हे आम्हाला विशेष वाटते!) ग्लायसिनपासून टप्प्याटप्प्याने एक कडे तयार होते. अगदी शेवटी, मायटोकॉन्ड्रिया या पेशीतील कप्प्यात, फेरोकिलेटेज नावाचे एन्झाइम कड्याच्या मधोमध लोहाचा एक अणू बसवते. प्राणवायू धरतो तो हाच अणू.

लोह कमी पडले की काही कड्यांत जस्त शिरते. असे कडे प्राणवायू वाहण्याच्या कामाचे नाही. शरीरात शिसे गेले तरी तेच, कारण शिसे या एन्झाइमलाच अडवते. जुन्या बॅटऱ्या फोडून पोट भरणाऱ्या घरांत म्हणूनच नुसत्या गोळ्यांनी भागत नाही; रक्तातील शिसेही तपासून घ्यावे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गोळी चहासोबत घेऊ नका, चहा लोहाला आतड्यातच अडवतो. लिंबूपाण्यासोबत घ्या.