शेबिनकराहिसार ऊर्फ तुरटीचा काळा किल्ला

आशियामायनरच्या जुन्या कागदांत ‘कराहिसार’ हें नांव आलें कीं संशोधकानें क्षणभर थांबावें. त्याचा अर्थ इतकाच कीं ‘काळा किल्ला’. आणि असे काळे किल्ले त्या देशांत एकाहून अधिक आहेत. पश्चिमेकडील कराहिसार अफूसाठीं प्रसिद्ध, म्हणून तें अफ्योनकराहिसार झालें. काळ्या समुद्रालगतच्या डोंगरांमागें वसलेलें तें शेबिनकराहिसार. येथें त्याचाच विचार कर्तव्य आहे. उस्मानी दप्तरांत त्यास कराहिसार-इ-शर्की, म्हणजे पूर्वेचें कराहिसार, असें म्हटलें आहे. ‘शेबिन’ हें पद तुरटीवाचक अरबी ‘शब्ब’, तुर्की ‘शाप’, यावरून आलें असें सामान्यतः मानतात व तें आम्हांस ग्राह्य वाटतें. आपल्या रसग्रंथांत याच्या उलट प्रकार दिसतो. तेथें तुरटीस ‘सौराष्ट्री’ म्हणतात. म्हणजे देशानें द्रव्यास नांव दिलें, येथें द्रव्यानें गांवास.

केवळ व्युत्पत्तीवर विसंबणें बरें नव्हे; परंतु येथें व्यापाराचा स्वतंत्र दाखला आहे. या स्थळाचें ग्रीक नांव कोलोनिया. रोमन सेनापति पाँपी यानें किल्ला बळकट करून तें ठेविलें, असें सहाव्या शतकांतील प्रोकोपियस सांगतो. पुढें इ. स. १३४० च्या सुमारास फ्लॉरेन्सचा पेगोलोत्ती आपल्या व्यापारविषयक ग्रंथांत ‘कोलोना’ची खडेतुरटी सर्वोत्तम ठरवितो, ती सात मजलांवरून केरासुंद बंदराकडे येई व वर्षास १४,००० जिनोई कंतार निघे, असें तो लिहितो. कोलोना म्हणजे हेंच कोलोनिया. येथील खनिज भाजून, कित्येक आठवडे भिजवून, उकळून त्याचे खडे पाडीत. तुरटीवांचून लोकरीवर रंग पक्का बसत नसे. सबब इटलीचे रंगारी या मालाचे मिंधे होते.

इ. स. १४६१ मध्यें दुसऱ्या महंमदानें त्राबझोन घेतलें. त्याच सुमारास रोमजवळ तोल्फा येथें तुरटीची खाण सापडली, व पोपनें ख्रिस्ती व्यापाऱ्यांस तुर्की तुरटीची बंदी केली. ओत्लुकबेलीच्या लढाईनंतर, इ. स. १४७३ त, हा किल्ला अक्कोयुन्लूंकडून उस्मान्यांकडे गेला. पण त्याच्या मुख्य मालाचें युरोपांतील गिऱ्हाईक तोंवर तुटूं लागलें होतें.

इ. स. १९१५ च्या जूनमध्यें येथील आर्मेनियन रहिवाशांनीं किल्ल्याचा आश्रय घेऊन सैन्याशीं झुंज दिली व त्यांची वस्ती नष्ट झाली. प्रजासत्ताकाच्या आरंभीं हें प्रांताचें ठाणें होतें, इ. स. १९३३ त तो प्रांत मोडून गांव गिरेसुनास जोडलें. गिरेसुन म्हणजेच पेगोलोत्तीचें केरासुंद.