चौरसांचा चौरस

एका चौरसाचे लहान लहान चौरस करणें हें काम शाळेंतला मुलगाही करील. बुद्धिबळाचा पट हें त्याचेंच उदाहरण. परंतु तुकड्यांपैकीं कोणतेही दोन सारखे असतां कामा नयेत एवढी एक अट घातली कीं खेळाचें स्वरूप पालटतें. हेन्री ड्यूडनी या इंग्रज कोडेकाराच्या १९०७ सालच्या ‘कँटरबरी पझल्स’ या पुस्तकांत एका पेटीच्या चौरस झांकणाचें कोडें आहे. झांकणावर निरनिराळ्या मापांचे चौरस लांकडी तुकडे बसविले आहेत, आणि त्यांच्याबरोबर सोन्याची एक अरुंद पट्टीही आहे. ही पट्टी कशाला हवी? तिच्यावांचून, केवळ विषम चौरसांनीं, झांकण भरतां आलें नसतें काय?

या प्रश्नानें १९३६ च्या सुमारास केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांतील आर्थर स्टोन या विद्यार्थ्याला पछाडलें. असें होणें अशक्य आहे हें सिद्ध करावें म्हणून तो बसला. तें साधलें नाहीं. पण त्या खटाटोपांत अकरा विषम चौरसांचा बनलेला एक काटकोन चौकोन, म्हणजे आयत, त्याच्या हातीं आला. त्याचीं मापें १७६ आणि १७७! चौरस व्हावयाला केवळ एका अंकाची उणीव राहावी, हें पाहून कोणाची झोंप उडणार नाहीं? स्टोननें आपला शोध मित्रांना दाखविला. लेनर्ड ब्रूक्स व सेड्रिक स्मिथ हे त्याच्याप्रमाणेंच गणिताचे विद्यार्थी. चौथा विल्यम टट हा रसायनशास्त्राचा. कोणत्याही अध्यापकानें हें काम त्यांना नेमून दिलें नव्हतें.

असा आयत कसा असतो तें श्रोत्यांनीं कागदावर काढून पाहावें. ३३ लांब व ३२ उंच असा आयत घ्यावा. वरच्या कडेला डावीकडे १८ चा व उजवीकडे १५ चा चौरस मांडावा. १८ च्या खालीं १४ व ४. १५ च्या खालीं ७ व ८. मग ४ व ७ यांच्या खालीं १० व १, आणि १ व ८ यांच्या खालीं ९. नऊ चौरस, नऊ निराळीं मापें, आणि कोठेंही फट नाहीं. पोलिश गणिती मोरोन् यानें १९२५ सालीं हा आयत प्रसिद्ध केला होता.

प्रारंभीं हे चौघे अंदाजानें आकृति काढीत, दोन-तीन बाजूंना अक्षरें देत आणि बीजगणितानें बाकीचीं मापें काढीत. आयत पुष्कळ मिळाले. परंतु नवीन आयत केव्हां मिळेल व केव्हां नाहीं याचा नियम कांहीं दिसेना. वाट सांपडली ती स्मिथच्या एका युक्तीमुळें. आकृतींतील प्रत्येक आडव्या रेषेच्या जागीं एक बिंदु मांडावा, आणि प्रत्येक चौरसाच्या जागीं त्याच्या वरच्या रेषेपासून खालच्या रेषेपर्यंत एक तार ओढावी. वरील आयतांत १८ चा तळ ज्या रेषेवर टेकतो तिच्याखालीं १४ व ४ आहेत. म्हणजे त्या बिंदूंत अठरा येतात आणि अठराच बाहेर पडतात. हा तर विजेच्या प्रवाहाचा नियम! प्रत्येक तारेचा रोध एक मानला कीं चौरसाची बाजू म्हणजे त्या तारेंतील प्रवाह होतो. आयताची रुंदी हा एकूण प्रवाह आणि उंची हा दोन टोंकांमधला विद्युद्दाब. किर्खोफनें १८४५ सालीं तारांच्या जाळ्यांविषयीं जे नियम सांगितले, तेच येथें चौरसांना लागू पडले.

आतां आकृतींच्या मागें धांवण्याचें कारण उरलें नाहीं. जाळीं क्रमानें मांडावीं, प्रत्येकाचे प्रवाह मोजावे, म्हणजे त्या संख्येपर्यंतचा एकही आयत सुटत नाहीं. अशा रीतीनें गटाला खात्रीपूर्वक सांगतां आलें कीं नवांहून कमी विषम चौरसांचा आयत नाहींच, आणि नवांचे केवळ दोन आहेत: एक वर सांगितलेला, दुसरा ६९ व ६१ या मापांचा. ‘सांपडला नाहीं’ आणि ‘नाहीं’ या दोन विधानांतील अंतर येथें तोडलें गेलें.

यानंतरची गोष्ट मोठी मौजेची आहे. ब्रूक्सनें आपल्या एका आयताचे चौरस कापून त्यांचा जुळणीचा खेळ बनविला. त्याच्या आईनें तो सोडविला. पण जुळून आला तो मुलाचा आयत नव्हेच! बाहेरचीं मापें तींच, तुकडेही तेच, मांडणी मात्र वेगळी. ब्रूक्स लगबगीनें केंब्रिजला परतला व चौघांची तातडीची बैठक भरली. उलगडा विजेनेंच झाला. त्या जाळ्यांत दोन बिंदूंवरचा दाब सारखा होता. सारख्या पातळीचे दोन तलाव नळानें जोडले तरी पाणी हलत नाहीं. तसेंच ते बिंदु एकत्र केले तरी एकाही तारेंतील प्रवाह बदलत नाहीं, आकृति मात्र बदलते.

या घटनेचें महत्त्व असें. एकाच मापाचे दोन आयत मिळाले व त्यांत एकही तुकडा समाईक नसला, तर ते मोठ्या चौरसाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसवितां येतात. उरलेल्या दोन कोपऱ्यांत दोन चौरसच राहतात. आईच्या जोडींत सगळेच तुकडे समाईक होते, म्हणजे हवें त्याच्या नेमकें उलट. तथापि एकच माप दोन प्रकारें भरतें हें कळलें होतें. सममित जाळ्यांच्या साहाय्यानें त्याच वाटेवर गटाला पाहिजे तो चौरस मिळाला.

परंतु त्यांचा निबंध छापून येण्यापूर्वींच, १९३९ सालीं, जर्मन गणिती रोलंड स्प्राग यानें ५५ विषम चौरसांचा चौरस प्रसिद्ध केला. पहिलेपणाचा मान अशा रीतीनें गेला. चौघांचा निबंध १९४० सालीं ‘ड्यूक मॅथेमॅटिकल जर्नल’मध्यें निघाला. नांवें वर्णानुक्रमानें होतीं. स्टोनचा प्रश्न, स्मिथची युक्ति, ब्रूक्सच्या आईचा हातगुण यांची वांटणी कोणी केली नाहीं, आणि तसें करणें शक्यही नव्हतें. स्प्रागपाशीं एक उत्तर होतें. या निबंधांत उत्तरें काढण्याची रीत होती.

त्याच निबंधांत घनाचाही विचार आहे. घनाचे सान्त संख्येचे विषम घन कां होत नाहींत? तळावरील घनांचे पाये म्हणजे विषम चौरसच. त्यांतला सर्वांत लहान चौरस कडेला येऊं शकत नाहीं. म्हणून त्याच्यावरचा घन चोहोंकडून उंच घनांनीं वेढलेला राहतो, आणि त्याच्या माथ्यावर आणखी लहान घनच बसवावे लागतात. त्यांतल्याही सर्वांत लहानाची तीच अवस्था. ही उतरंड कधीं संपतच नाहीं.

चौरसाचा शोध मात्र चालू राहिला. १९४८ सालीं विलकॉक्स यानें २४ तुकड्यांचा चौरस दिला. १९७८ सालीं हॉलंडमधील डौव्हस्टाइन यानें संगणकाच्या साहाय्यानें २१ तुकड्यांचा चौरस शोधला. बाजू ११२, सर्वांत मोठा तुकडा ५० चा, सर्वांत लहान २ चा. याहून कमी तुकड्यांत हें काम होत नाहीं, हेंही सिद्ध झालें आहे. ट्रिनिटीच्या विद्यार्थ्यांच्या गणितमंडळानें हीच आकृति आपलें बोधचिन्ह म्हणून घेतली.